विश्लेषण : परदेशात लूट झाली, तर तक्रार अंबड पोलिसांत करता येते का?

अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी आणि सिडकोत घर असलेल्या अनेक कुटुंबांतली मुलं आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशात आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला रात्री कामावरून परतताना चाकूच्या धाकानं लुटलं, मोबाइल, पाकीट आणि पासपोर्ट नेला, तर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो : इथल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच आहे. पण घरून करता येण्यासारखं बरंच आहे आणि ते लगेच करावं लागतं.

इथे गुन्हा का नोंदवता येत नाही?

'झिरो एफआयआर'ची सोय भारतात घडलेल्या गुन्ह्यांसाठी आहे. लूट पुण्यात झाली, तर अंबड पोलीस तक्रार नोंदवून पुण्याला पाठवू शकतात, मेलबर्नला नाही. भारतीय न्याय संहिता परदेशातल्या गुन्ह्याला लागू होते, ती मुख्यतः गुन्हेगार भारतीय नागरिक असेल तेव्हा. तेव्हाही खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

मग पहिली तक्रार कुठे?

जिथे लूट झाली तिथल्या पोलिसांकडे, शक्यतो त्याच दिवशी. अमेरिका-कॅनडात ९११, युरोपीय संघातल्या देशांत ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. तक्रारीचा क्रमांक आणि लेखी प्रत मागून घ्यावी. नवा पासपोर्ट आणि विम्याचा दावा, दोन्हींसाठी हाच कागद लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याची पीडितांसाठी भरपाई योजना असते. उपचारांचा खर्च, बुडालेली मजुरी अशा गोष्टींसाठी. चोरीला गेलेल्या वस्तूंची किंमत सहसा मिळत नाही. तिथेही पोलिसांकडची नोंद महत्त्वाची ठरते.

अनेक मुलं मात्र तक्रारच करत नाहीत. व्हिसाला अडचण येईल किंवा आईबाबा परत बोलावतील, ही भीती असते. पण लुटलं गेल्याची तक्रार देणं हा व्हिसाच्या अटींचा भंग नाही.

दूतावास काय करतो?

पासपोर्ट गेल्यास भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासाकडे दोन पर्याय असतात : नवा पासपोर्ट किंवा 'इमर्जन्सी सर्टिफिकेट'. दुसरा पर्याय झटपट वाटतो, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. पुन्हा जायचं तर नवा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, त्यात सेमिस्टर बुडू शकतं. अमेरिकेत विद्यार्थ्याचा मुक्काम वैध ठरतो तो प्रवेशाच्या 'आय-९४' नोंदीवर, पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर नाही. म्हणून घाबरून तिकीट काढण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलावं.

दूतावास लुटलेले पैसे भरून देत नाही. मात्र खरोखर अडचणीत असलेल्यांना २००९ पासूनच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून निवारा, तातडीचे उपचार किंवा परतीचं तिकीट मिळू शकतं. दाद लागत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरचेही तक्रार नोंदवू शकतात.

अंबडमध्ये बसून काय करायचं?

पहिलं, बँक. भारतातली कार्डं, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचं नुकसान बँकेनं सोसायचं, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगतं. त्यामुळे कळवल्याची वेळ लिहून ठेवा. दुसरं, सिम. मुलाचा भारतीय नंबर बऱ्याचदा वडिलांच्या नावावर असतो. तसं असेल तर तो बंद करून नवं सिम वडीलच घेऊ शकतात. तिसरं, चोरानं इथल्या खात्यातून पैसे काढलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. एवढ्या भागापुरती तक्रार इथे करता येते.

२००९ चा धडा

मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा हा वंशद्वेष की संधीसाधू लूट, यावर दोन्ही देशांत वाद पेटला. ऑस्ट्रेलियाच्या गुन्हेशास्त्र संस्थेनं २०११ मध्ये अहवाल दिला. मोठ्या राज्यांत भारतीय विद्यार्थ्यांना लुटीचा धोका सरासरीपेक्षा जास्त असल्याचं त्यात दिसलं. पेट्रोल पंप, टॅक्सी, दुकानं इथल्या रात्रीच्या नोकऱ्या आणि उशिराचा सार्वजनिक प्रवास यांकडे अहवालानं बोट दाखवलं. फी भरण्यासाठी मुलं जी कामं करतात, तीच त्यांना धोक्याच्या वेळी रस्त्यावर आणतात.

उणीव कुठे आहे?

दहावी न झालेला कामगार आखातात जातो, तेव्हा त्याच्यासाठी सरकारी विमा आणि प्रस्थानपूर्व प्रशिक्षणाची व्यवस्था आहे. लाखोंचं कर्ज काढून जाणाऱ्या इंजिनीअरसाठी तशी सक्तीची व्यवस्था नाही. त्याला सगळं कळतं, असं गृहीत धरलेलं आहे. त्याचा सल्लागार व्हिसा मिळेपर्यंतच सोबत असतो. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँकांनी निघण्यापूर्वी दोन तासांचं सत्र घेतलं, तरी ही उणीव बरीच भरून निघेल. विमा लुटीनंतरच्या उपचारांना लागू आहे का, पासपोर्टची प्रत घरी आहे का, बँकेचा नंबर कुणाकडे आहे, एवढं त्यात तपासलं तरी पुरे. आणि एक गोष्ट पक्की सांगावी : चाकू दिसला की मोबाइल देऊन टाकायचा.