आपत्ती कशाला म्हणावे?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ आणि उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील कित्येक गावांची दैना उडविली. उभी पिके गेली, गुरे वाहून गेली, आणि पुष्कळ ठिकाणी शेतातील मातीही खरवडून गेली. या पाण्याचा चिखल वाळण्यापूर्वीच एका शब्दाचा वाद उभा राहिला. ओला दुष्काळ जाहीर करा, अशी शेतकऱ्यांची मागणी होती. ओला दुष्काळ अशी संज्ञाच शासकीय नियमावलीत नाही, तथापि दुष्काळात देण्यात येणाऱ्या सवलती लागू केल्या जातील, असे उत्तर मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी दिले. आणि पुढे ७ ऑक्टोबर रोजी ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. मदत मिळणार असेल तर नावासाठी भांडण कशाला, असे नागर वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. आमचे मत निराळे आहे. ज्या संकटाला नियमात नाव आहे, त्या संकटातील मदत हा माणसाचा हक्क ठरतो. ज्याला नाव नाही, त्यातील मदत ही राज्यकर्त्यांची मर्जी ठरते. सबब हा वाद शब्दच्छलाचा नव्हे.

आपत्ती कशाला म्हणावे, हा प्रश्न भाषांनी आपापल्या परीने सोडविला आहे. 'आपद्' म्हणजे अंगावर येऊन पडलेले. 'संकट' या शब्दाचा मूळ अर्थ अरुंद, दाटीची जागा, म्हणजे जेथून बाहेर पडण्यास वाट नाही ती स्थिती. 'दुर्भिक्ष' म्हणजे ज्या काळात भिक्षा मिळणे कठीण होते तो काळ. येथे कसोटी पीक न येण्याची नसून अन्न न मिळण्याची आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्रजीतील 'डिझास्टर' या शब्दाच्या पोटात प्रतिकूल तारा दडलेला आहे; 'कॅटॅस्ट्रोफी' हा शब्द ग्रीकांचा, त्याचा अर्थ उलथणे, आणि नाट्यशास्त्रात तो कथानकाच्या अखेरच्या कलाटणीला लावीत. पहिला शब्द दोष ग्रहांच्या माथी मारतो, दुसरा केवळ परिणाम सांगतो.

आमचे शहर तर चार भाषांचे. मराठीतील दुष्काळाला येथे कानडी माणूस 'बर' म्हणतो, तेलुगू माणूस 'करुवु' आणि उर्दू बोलणारा 'कहत'. एकच संस्कृत शब्द दोन घरांत किती निराळे वजन धारण करतो, त्याचे 'उपद्रव' हे चांगले उदाहरण आहे. मराठीत उपद्रव होतो तो उंदरांचा नाही तर डासांचा. तेलुगूत 'उपद्रवम्' हा शब्द चक्रीवादळासारख्या घोर संकटाला लागू पडतो. धोक्याच्या सूचना काढणाऱ्या कचेऱ्यांनी हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

तथापि या सर्वांत मार्मिक जोडशब्द आमच्या पूर्वजांनी मराठीत रुळविला: अस्मानी-सुलतानी. जुन्या महसुली व्यवहारांत साऱ्याच्या सुटीच्या संदर्भात तो येतो. आकाशातून आलेले संकट कोणते आणि राजसत्तेपासून आलेले कोणते, हा भेद खेडुतालाही कळत होता; आणि बहुधा दोन्ही हातात हात घालून येतात, हेही त्याला ठाऊक होते, म्हणून तर दोन्ही शब्द त्याने एका दमात उच्चारले.

शास्त्रांची वाटही वेगवेगळी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने पृथ्वीच्या इतिहासातील प्राणिजातींचा लोप प्रचंड उत्पातांनी समजावून सांगितला. फ्रेंच गणिती रने तोम याने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कारणे हळूहळू बदलत असताना परिणाम एकाएकी उडी कशी घेतो, याचे गणित मांडले. समाजशास्त्रज्ञांची दृष्टी माणसावर. अमेरिकन अभ्यासक क्वारंटेली यांनी आपत्ती आणि महाआपत्ती यांत भेद केला तो असा: पहिलीत गावाचा काही भाग कोसळतो आणि उरलेले गाव धावून येते, दुसरीत धावून येणारेच उरत नाहीत, शेजारची गावेही तितकीच नागवलेली असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे घडले ते भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने जगातील महाभयंकर भूकंपांत मोडणारे नव्हते. दगडमातीच्या जाड भिंतींची आणि मातीच्या जड धाब्यांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, म्हणून हजारो लोक प्राणास मुकले. भूकंप भूमीचा होता. आपत्ती घरांची होती.

मोजमाप करणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. आपत्तींची जागतिक नोंद ठेवणाऱ्या बेल्जियममधील संशोधनकेंद्राची प्रमुख कसोटी अशी, की किमान १० मृत्यू किंवा १०० बाधित माणसे असावीत, अथवा आणीबाणी तरी पुकारलेली असावी किंवा आंतरराष्ट्रीय मदतीचे आवाहन झालेले असावे. जागतिक तुलनेसाठी अशी रेषा कोठेतरी ओढावी लागते, हे मान्य. परंतु १८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ माणसे दगावली. मृत्यूंच्या त्या कसोटीला ही संख्या दोनाने कमी पडते! ज्या घरांतून तिरड्या उठल्या त्यांना हे गणित कोण समजावून सांगणार?

आता आमच्या कायद्याकडे वळू. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला. त्यानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळसंहिता निर्माण झाल्या. परकी सरकारची ती व्यवस्था कंजूष होती. पण दुष्काळाला नाव होते, लक्षणे होती, आणि लक्षणे दिसताच अधिकाऱ्याने काय करावे हे लिहिलेले होते. स्वराज्यात, १९६३ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा करून राज्यातील कायद्यांमधून 'दुष्काळ' हा शब्दच वगळला आणि तेथे 'टंचाई' आणली. सरकार सदैव जागरूक असल्यामुळे आता दुष्काळ पडण्यास वावच उरलेला नाही, असे त्यामागील समर्थन होते. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. मे १९७३ मध्ये राज्यातील मदतकार्यांवर खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली. कायद्यात काहीही लिहिलेले असो, ज्यांनी हातात घण धरला ते आजतागायत त्या वर्षाला 'बहात्तरचा दुष्काळ'च म्हणतात. त्या वेळी शासनाने लोकांना जगविले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्या अनुभवातून आलेला खरा धडा वेगळा आहे: मागेल त्याला काम ही गोष्ट १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने लिहून काढली, तेव्हाच मदतकार्याचे रूपांतर हक्कात झाले.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा या दृष्टीने पुष्कळ उदार आहे. नैसर्गिक कारणांबरोबरच मानवी कृती, अपघात आणि निष्काळजीपणा यांतून उद्भवणारा अनर्थही त्याने आपत्तीत धरला. म्हणजे अस्मानीच्या शेजारी सुलतानीला जागा दिली. आणि शेवटची कसोटी सांगितली ती अशी, की त्या अनर्थाला तोंड देणे बाधित समाजाच्या कुवतीबाहेरचे असावे. ही व्याख्या आम्हांस सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती पर्जन्यमापकापाशी न थांबता माणसापाशी येते.

दुर्दैवाने व्याख्या उदार आणि व्यवहार कृपण, अशी आमची रीत आहे. अतिवृष्टी ठरण्यासाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस लागतो. पिकाच्या भरपाईसाठी किमान ३३ टक्के नुकसान लागते. आकडे हवेतच, पण सीनेच्या पुराचे पाणी अहिल्यानगर व धाराशिवकडील पावसाचे आणि वरच्या धरणांतून सोडलेले होते. जेथे शेत बुडाले तेथील पर्जन्यमापक त्या पाण्याची साक्ष कशी देणार? दुसरे असे की, ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील जे ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले त्यांत माढा आणि करमाळा होते. तेच तालुके दोन वर्षांच्या आत पुराखाली गेले. पहिल्या संकटाचे कर्ज फिटण्यापूर्वी दुसरे आले, तर समाजाची कुवत पूर्वीइतकीच आहे असे समजून पंचनामा करणे हा कोणता न्याय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. प्रत्येक अडचणीला आपत्ती म्हटले तर तिजोरी पुरणार नाही आणि शब्दाचीही किंमत उरणार नाही. हे खरे आहे, आणि त्यात आम्हां वृत्तपत्रवाल्यांचाही वाटा आहे. खेळातील पराभवालाही आम्ही 'महासंकट' म्हणून मोकळे होतो. परंतु या आक्षेपाचे उत्तर शब्द वगळणे हे नसून त्याची व्याख्या आगाऊ, संकट दाराशी नसताना, शांत चित्ताने करणे हे आहे. कोरड्या दुष्काळासाठी २०१६ च्या केंद्रीय नियमावलीने पर्जन्य, पीकस्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांचे निकष ठरविलेच आहेत. पाण्याने केलेल्या नाशासाठी तसेच निकष ठरविणे अशक्य कसे?

म्हणून आमची सूचना तीन कलमांची आहे. ओला दुष्काळ ही संज्ञा निकषांसह नियमावलीत यावी. नुकसान ठरविताना मागील दोन-तीन वर्षांत त्याच गावावर आलेली संकटे विचारात घ्यावीत. आणि धोक्याच्या सूचना व मदतीचे नियम सोलापूरसारख्या शहरी मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू व उर्दूतही, लोकांच्या रोजच्या शब्दांत, प्रसिद्ध व्हावेत.

लोकप्रतिनिधींनी हे काम पुढील पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे. पाणी चढू लागल्यावर व्याख्या करावयास सवड नसते, आणि पाणी ओसरल्यावर ती करण्याची निकड कोणास राहत नाही.