टाच, चवडा आणि मांजरसुंब्याचा घाट

नातू पुण्याहून आला की घरात दोन दिवस मोटारीशिवाय दुसरा विषय नसतो. या खेपेला तो एक नवी विद्या शिकून आला होता. तिचं नाव 'हील अँड टो', म्हणजे टाच आणि चवडा. मी म्हटलं, हे लेझमीचं पाऊल आहे का रे? तो हसला नाही. चेष्टा करायची नाही, आबा, हे फार अवघड असतं, म्हणाला.

त्याच्याकडे चाकणला तयार झालेली, सेकंडहँड घेतलेली पोलो आहे. माझ्या डोळ्यांना ती चारचौघींसारखीच दिसते, पण त्याच्या लेखी ती स्पोर्ट्स कार. असो. त्याने मला मोबाइलवर एक जुनी फिल्म दाखवली. आयर्टन सेना हा ब्राझीलचा प्रसिद्ध शर्यतपटू (१९९४ साली इमोलाच्या शर्यतीत गेला बिचारा) जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर होंडाची एनएसएक्स गाडी चालवतो आहे. पायात साधे बूट आणि पांढरे मोजे. कॅमेरा त्याच्या पायांवर. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर घट्ट, आणि त्याच पायाची कड एक्सलेटरला मधूनमधून टिचकी मारते आहे. मी ती फिल्म तीनदा पाहिली. चांगलं अक्षर काढणाऱ्या मुलाचा हात पाहावा तसा तो पाय पाहत राहिलो.

आता हे कशासाठी, ते ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो (मास्तरची सवय, सुटत नाही). समजा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं आहे. गाडीचा वेग तोच ठेवून दुसरा गिअर टाकला, तर इंजिनाला साधारण ३,००० फेरे घ्यावे लागतील. ते आपण होऊन घेतले नाहीत तर क्लच सोडताक्षणी चाकं त्याला ओढून घ्यायला लावतात आणि गाडी हिसका देते. ओल्या रस्त्यावर त्या हिसक्याने चाक घसरूही शकतं. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दांड्याबरोबर चार पावलं पळतो आणि मग पाय टाकतो, तसंच हे. इंजिनाला आधी चार पावलं पळवायचं. अडचण एवढीच की पेडल तीन आणि पाय दोन. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, मग एक्सलेटर कोण देणार? म्हणून एकाच पायाने दोन्ही.

अंगणात गाडी बंद ठेवून मीही करून पाहिलं. टाच एक्सलेटरपर्यंत वळेचना. नातू म्हणाला, टाच नावापुरती, पावलाची बाहेरची कड वापरा. कड वापरली तर ब्रेकवरचा दाब कमीजास्त व्हायला लागला. आणि तेच तर अवघड आहे म्हणे! घोट्याने एक काम करायचं आणि त्याची चवड्याला खबर लागू द्यायची नाही.

हे पाहताना मला आमच्या मामांची आठवण झाली. मामा एसटीत ड्रायव्हर होते. मी लहानपणी त्यांच्या शेजारी इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर बसून बीडला जायचो. मोटारीत सिंक्रोमेश नावाची सोय १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने आणली. गिअरचे दोन दाते एकमेकांत बसण्याआधी त्यांचा वेग जुळवून देणारी ही व्यवस्था. मामांच्या बसला ती नव्हती. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, एक्सलेटरला एक झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा ओढायचा. याला सगळे 'डबल क्लच' म्हणायचे. चुकलं की खर्रर्र असा आवाज सगळ्या बसला ऐकू यायचा आणि मागून कोणीतरी खोकायचंच.

म्हणजे नातू जे शिकला त्याचा अर्धा भाग मामांना पोटासाठी रोज करावा लागत होता. फक्त मामांनी ब्रेक आणि एक्सलेटर एकाच पायाने एका वेळी दाबलेलं मी कधी पाहिलं नाही. नेकनूरहून बीडला जाताना मांजरसुंब्याच्या पुढे घाट उतरावा लागतो. तिथे घाटाच्या तोंडाशीच, उतार लागायच्या आधी, मामा गाडी सावकाश करून गिअर टाकून मोकळे व्हायचे. मला म्हणायचे, "भाच्या, चढताना जो गेर लागतो त्योच उतरताना लावायचा. त्यात अक्कल चालवायची नाही." कारण उतारावर गिअर सुटला आणि परत पडला नाही, तर उरतो फक्त ब्रेक, आणि ब्रेक तापला की तोही उरत नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नातेवाईकांपैकी थोड्यांनाच ही गोष्ट पूर्ण माहीत आहे. मामांची एवढी शिकवण असूनही नोकरीत असताना मी स्कूटर न्यूट्रल करून हाच घाट उतरायचो. पेट्रोल वाचतं म्हणून. कधी कधी इंजिनही बंद! एका पावसाळी संध्याकाळी वळणावर ब्रेक दाबला तो नुसताच मऊ लागला. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या मोरीत. मला खरचटलं, हिचं डावं मनगट मोडलं. आजही ढग आले की ती ते मनगट चोळत बसते. शाळेत सांगताना मी रस्त्यावरचं डिझेल, समोरून आलेला ट्रक अशी कारणं दिली होती. ट्रक नव्हता.

पुण्यात नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने उतारावर अनेक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. पेपरात ते वाचलं आणि मी पेपर घडी करून ठेवला. त्या चालकाला नावं ठेवायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

म्हणून माझं मत असं आहे. ही टाच-चवड्याची विद्या निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. आता ते काम यंत्रही करतं. निसानने २००९ च्या ३७० झेडमध्ये गिअर बदलताना इंजिनाचा वेग आपोआप जुळवायची सोय दिली. पोर्शेने २०१३ च्या ९११ जीटी३ मधून क्लचचं पेडलच काढून टाकलं होतं, पण गिऱ्हाइकांची नाराजी पाहून २०१७ साली ते परत दिलं. माणसाला हाताने (इथे पायाने) करण्याची हौस असते, ती असू द्यावी. पण ही विद्या शर्यतीत वळणाच्या अगदी तोंडाशी उशिरा ब्रेक मारणाऱ्याची आहे. ती ट्रॅकवर शोभते. आमच्या घाटात समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, शेळ्या येतात, वळणाआड बंद पडलेला टेम्पो असतो. तिथे उशिरा ब्रेक मारायची वेळच आणायची नसते. शेवटचा धडा मुलं आधी शिकतात आणि पहिला कोणी शिकवत नाही, हे माझं दुखणं आहे. परवाना काढताना मला आठचा आकडा काढून दाखवावा लागला. घाट कसा उतरशील, हे मात्र कोणी विचारलं नाही. नातवालाही नाही. निदान घाटाच्या जिल्ह्यांत तरी ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी एक दिवस पोरांना घाटात न्यावं, आणि इंजिनाने गाडी कशी धरून ठेवायची ते दाखवावं.

नातवाला मी हे सगळं सांगितलं, स्कूटरचं खरं कारणसुद्धा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, आजीला माहीत आहे?"

तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मागे ती बसली होती, इंजिनाचा आवाज बंद झालेला तिला ऐकू आला नसेल का?

दुसऱ्या दिवशी बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. घाटाच्या तोंडाशी त्याने वेग कमी केला आणि खालचा गिअर टाकला, एक्सलेटरची हलकी टिचकी देऊन. हिसका बसला नाही. मी मागे वळून पाहिलं. ही दाराच्या वरची मूठ धरून बसली होती, दुखऱ्या हाताने. पाली येईपर्यंत तिने ती सोडली नाही.