अख्खा वर्ग नापास झाला तर...

परवा सकाळी चहाचा कप घेऊन संगणकापुढे बसलो. आदल्या रात्रीच ब्राउझर अद्ययावत झाला होता. पाच मिनिटांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट उगवली : 'तुमच्या संगणकात ५ स्पायवेअर सापडले आहेत. ताबडतोब साफ करा.' बंद केली की दुसरी हजर! मला वाटलं, नव्या आवृत्तीनेच हे शोधून काढलेलं दिसतंय.

पुतण्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य, "काका, तुम्ही कशावर तरी क्लिक केलं असणार."

माझा राग आहे तो या वाक्यावर. केलं होतं क्लिक, कबूल. चार दिवसांपूर्वी जुनी नाट्यगीतं शोधताना एका संकेतस्थळाने सांगितलं, 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा.' मी दाबलं. त्या एका टिचकीने त्यांना माझ्या पडद्यावर हव्या तेव्हा सूचना धाडायचा परवाना मिळाला. ब्राउझर अद्ययावत होण्याशी त्याचा संबंध नव्हता, निव्वळ योगायोग. आणि कुठल्याही संकेतस्थळाला आपल्या संगणकाच्या पोटात शिरून अशी तपासणी करता येत नाही. 'तपासणी चालू आहे' म्हणत सरकणारी ती पट्टी म्हणजे नुसतं चित्र!

पण हा परवाना द्यायची सोय केली कोणी? ब्राउझर बनवणाऱ्यांनीच. क्रोममध्ये ती २०१५ पासून आहे. सूचना कोण धाडतंय ते नाव बारीक अक्षरांत, आणि भीती मात्र ठळक अक्षरांत. सत्तरीतल्या डोळ्यांना आधी काय दिसणार, सांगा!

बरं, हा धंदा फक्त भुरट्या चोरांचा आहे असंही समजू नका. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत संगणकाची मोफत 'तपासणी' होत असे. संगणक मंद झालाय का, असे चार प्रश्न आधी विचारत. तिथल्या सरकारी व्यापार आयोगाचा आरोप असा, की एकाला जरी 'हो' म्हटलं तरी संगणकात दोषाची लक्षणं सापडल्याचा निकाल ठरलेला. मग दुरुस्तीचं बिल. २०१९ मध्ये ही साखळी आणि तो प्रोग्रॅम पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. भीती विकणारे असे पांढरपेशेही असतात.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनींनी अशाच एका चौकटीतल्या नंबरावर फोन केला. पैसे गेले ते गेलेच. पण घरच्यांचं 'तुला कोणी सांगितलं होतं?' इतकं लागलं, की त्यांनी संगणकावर कापड टाकलं ते आजतागायत काढलेलं नाही. परदेशातल्या नातवाला रोज बघायच्या, आता मुलगा रविवारी फोन लावून देईल तेव्हा. चोराने पैसे नेले, नातू मात्र घरच्यांच्या बोलण्याने नेला.

मी आयुष्यभर पेपर तपासले. एखादा मुलगा नापास झाला तर मुलाचं चुकलं असेल. अख्खा वर्ग नापास झाला तर प्रश्नपत्रिका तपासायची असते. इथे आमची सगळी पिढी नापास होते आहे आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही!

मास्तर असल्यामुळे उत्तरही सांगून ठेवतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सूचनांचा विभाग असतो. तिथे अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका. माझ्याकडे अकरा निघाली. मग संगणकातल्या स्वतःच्या अँटिव्हायरसने एकदा तपासणी करा. चौकट पडदा व्यापून बसली तर एस्केप कळ दाबून धरा, नाहीच हलली तर संगणक बंद करून पुन्हा चालू करा. इशाऱ्यात फोन नंबर असेल तर तो खोटा, हे पाठच करा. आणि पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा.

आणि मुलांनो, आई-वडिलांचा फोन आला की 'काय दाबलंत?' हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, 'घाबरला नाहीत ना?'

असो. चहा गार झाला.