काज घट्ट असेल तर मुलाने काय करावे?

पहिलीतला एक मुलगा वर्गाच्या दाराशी रडत उभा होता. चड्डी ओली झाली होती. लघवीला तो वेळेवर गेला होता, पण बटण काही काजातून निघेना. चड्डी आईने घरीच शिवलेली. कापड चांगले, शिलाई पक्की. बटण निसटू नये म्हणून तिने काज मुद्दाम लहान ठेवले होते. मुले हसली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आलाच नाही.

आमचे देहूरोड छावणीचे गाव. कडक गणवेशाचे इथे सर्वांनाच कौतुक. पण गणवेश दिसतो कसा, एवढेच आपण पाहतो. तो मुलाला स्वतःच्या हाताने उघडता-लावता येतो का, हे कोण पाहते?

माझी अम्मी काज-बटण करून घराला हातभार लावत असे. मोबदला नगावर, तोही शिलाईच्या मानाने अगदीच थोडा. तिचा हिशेब साधा होता. बटणाच्या रुंदीत त्याची जाडी मिळवायची, तेवढे काज. ते एकेरी कापडावर करायचे नाही, आत अस्तर हवे, नाहीतर काज फाटते. बटण लावताना त्याखाली आगपेटीची काडी ठेवायची, मग काडी काढून दोऱ्याला वेढे द्यायचे. बटण थोडे उचललेले राहते आणि लहान बोटांना पकडता येते. झबल्याचा गळा चिरायचा तर आधी बाळाच्या डोक्याचे माप घ्यायचे आणि चिरेच्या टोकाला आडवे टाके घालायचे. पहिली-दुसरीच्या मुलाला तर बटण नकोच, नेफ्यात इलॅस्टिक ओवले की झाले.

हे ज्ञान आपण ‘बायकांचे काम’ म्हणून कोपऱ्यात टाकले. खरे तर काज हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, नेफा आणि अस्तर फारसीतून. मराठीने ते बिनतक्रार आपल्यात शिवून घेतले. आम्ही मात्र मुलाच्या हातात सुई द्यायला लाजतो. पैगंबर (स.) घरी स्वतःचे कपडे शिवत, पादत्राणे दुरुस्त करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत येते. सुन्नतीवर तासभर बोलणाऱ्या किती बापांना शर्टाचे तुटलेले बटण लावता येते?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यातला एक दिवस सुई-दोऱ्याला द्या, मुलगे आणि मुली दोघांनाही. हाताने एक काज केले की त्याला किती वेळ लागतो ते कळेल. मग त्या कामाचे चार पैसे देताना घासाघीस करायला जीभ रेटणार नाही.

आणि गणवेश घरी शिवा किंवा विकत घ्या, आधी तो मुलाच्या हाती द्या. त्याला पाच वेळा उघडू द्या, पाच वेळा लावू द्या. जमले नाही तर चूक मुलाची नाही, काजाची आहे.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी आला. आईने काज उसवून तिथे इलॅस्टिक घातले होते. मधल्या सुट्टीत तो एकटाच गेला आणि हसत परत आला.