घरखर्चाची वही : हप्ता लहान, बोजा महान

सोलापूरच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, ‘‘यजमानांच्या क्रेडिट कार्डावर एक लाख रुपये थकलेत. बँक म्हणते, पाच वर्षांचे कर्ज करून देतो, हप्त्याने फेडा. नाहीतर साठ हजार एकदम भरा नि मोकळे व्हा. सासूबाईंना यातले काही ठाऊक नाही. माझ्या पाटल्या मोडू का? रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही.’’

ताई, आधी पाटल्या कपाटात ठेवा आणि वही-पेन्सिल काढा. घाबरून केलेला हिशेब चुकतोच.

समजा, कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. म्हणजे लाखावर महिन्याला ३,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे ६३०. एकूण ४,१३० रुपये गेले आणि मुद्दल जागच्या जागी! तेव्हा काहीतरी व्यवस्था लावायला हवीच. ती केवढ्याला पडते, एवढेच बघायचे.

लाखाचे कर्ज १८ टक्क्यांनी घेतले, तर पाच वर्षांसाठी हप्ता साधारण २,५४० रुपये बसतो, तीन वर्षांसाठी ३,६१५. पहिला किती सोपा वाटतो, नाही? पण पाच वर्षांत व्याज जाते सुमारे ५२,३६० रुपये, तीन वर्षांत ३०,१५०. महिन्याला हजारभर वाचवण्यापायी बावीस हजार जादा! शिवाय प्रोसेसिंग फी असते. ती दोन टक्के धरली, तर २,००० आणि त्यावर जीएसटी ३६०.

म्हणून सही करण्यापूर्वी बँकेकडून मुख्य तथ्य विवरण मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात व्याज आणि फी मिळून वर्षाचा खरा दर काय पडतो, ते लिहिलेले असते. मुदतीआधी फेडले तर दंड किती, हेही विचारा. दिवाळीचा बोनस हाती आला की उपयोगी पडेल.

आता साठ हजारांचे. चाळीस हजार सुटले असे वाटते खरे, पण सिबिलसारख्या संस्थांच्या नोंदीत खाते ‘पूर्ण फेडले’ असे न लागता ‘सेटल्ड’ असे लागते. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात, की हाच शेरा आडवा येतो. हप्ता खरोखरच झेपत नसेल, तरच ही वाट धरा. आणि बँकेचे लेखी पत्र हाती पडल्याशिवाय एक पैसाही भरू नका. फोनवरचा शब्द वाऱ्यावर जातो.

‘कर्जमुक्ती करून देतो’ म्हणत आगाऊ फी मागणारे मध्यस्थ भेटतील. त्यांना दारातूनच नमस्कार करा. बँकेशी बोलायला दलाल लागत नाही. प्रकरण लोकअदालतीत गेले, तर तिथे कोर्ट फी नाही. मात्र तिथल्या तडजोडीवर अपील नसते, म्हणून झेपेल तेवढेच कबूल करा. बँकेने तक्रार ऐकली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

राहिल्या पाटल्या. मोडल्या की घडणावळ बुडाली. तारण ठेवल्या तर व्याज बहुधा कार्डापेक्षा कमी पडते, पण हप्ते चुकले की लिलाव ठरलेला. त्यामुळे तो शेवटचा उपाय.

माझे मत विचाराल, तर ३,६१५ रुपये दरमहा निघत असतील तर तीन वर्षांचे कर्ज घ्या आणि कार्ड बंद करा. ते कुठून निघतील, हे यजमानांबरोबर बसून ठरवा. आणि हो, सासूबाईंनाही सांगा. ज्यांनी अर्धे आयुष्य तुटपुंज्या पगारात संसार केला, त्यांना काटकसर आपल्यापेक्षा जास्त कळते. शिवाय घरात लपवलेले कर्ज मनावर जे व्याज लावते, ते कुठल्याच विवरणात छापलेले नसते.