मंडुव्याची भाकरी आणि दारची नाचणी

मराठी माणसाला हिमालयाचे वेड नवे नाही. मे महिन्यात ऋषिकेशच्या घाटावर उभे राहा, दर दहा पावलांवर 'अगं, कानटोपी कुठं ठेवलीस?' असे ऐकू येईल. या सहलींबरोबर पुष्कळदा आचारीही असतो. समोर बर्फाची शिखरे आणि ताटात बटाट्याची भाजी, वरण-भात, एखाद्या दिवशी श्रीखंड. यात हसण्यासारखे काही नाही. साठी ओलांडलेल्या पोटाला परक्या मुलखात वरण-भाताचा केवढा आधार वाटतो, हे मी स्वानुभवाने जाणतो.

अलीकडे मात्र दुसऱ्या प्रकारचा प्रवासी वाढला आहे. तो डोंगरात जातो आणि विचारतो, 'तुमच्या घरी आज काय शिजलंय?' बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आणि आमच्या सौ. या दुसऱ्या पंगतीत जाऊन बसलो. कुलूकडे अक्रोड-खसखशीचे सारण भरून वाफवलेला सिड्डू खाल्ला, वर तुपाची धार. कांगड्यात 'धाम' जेवलो. तिथे अजूनही जमिनीवर पंगत बसते, पत्रावळी मांडतात आणि 'बोटी' म्हणजे पिढीजात आचारी दह्यातला चण्याचा मदरा वाढत जातात. लडाखात स्क्यू खाल्ले. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाज्यांच्या रश्शात शिजवतात. म्हणजे जातकुळीने आपली वरणफळेच!

खरी गंमत झाली ती गढवालात. टिहरी जिल्ह्यात चंब्याजवळ एका घरी आम्ही उतरलो होतो. यजमानीणबाईंनी पहिल्या दिवशी कौतुकाने पनीर केले. सौ.नी विचारले, 'आप लोग क्या खाते हैं?' बाई संकोचल्या. पण दुसऱ्या दिवशी काळसर भाकरी आणि लोखंडी कढईतले दाट कालवण पानात पडले. भाकरी मंडुव्याची. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. कालवणाचे नाव फाणू. गहत रात्रभर भिजवायचे, वाटायचे आणि शिजवायचे. गहत म्हणजे आपले कुळीथ! मुतखड्यावर कुळीथ गुणकारी, ही समजूतसुद्धा तिथे जशीच्या तशी. गोड म्हणून झंगोऱ्याची खीर. झंगोरा आपल्या वरीचा चुलतभाऊ. देवरुखच्या माझ्या घरातल्या फडताळात जे डबे आहेत, तेच दोन हजार किलोमीटरवर नावे बदलून बसले होते.

या धान्यांची तिथे एकत्र शेती असते. तिला 'बारानाजा' म्हणतात, बारा अनाज. पावसाच्या पाण्यावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात मंडुवा, रामदाना म्हणजे राजगिरा, राजमा, उडीद, गहत, भट्ट, तीळ असे सगळे मिसळून पेरतात. कडधान्ये जमिनीला नत्र देतात, वेली उंच रोपांवर चढतात आणि एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, तरी बारांतली चारसहा पिके हाती लागतात. सगळी ठेव एकाच खात्यात ठेवू नये, हे आम्ही बँकेत ग्राहकांना सांगत असू. त्या डोंगरातल्या बायका ते पिढ्यान् पिढ्या करत आल्या.

मग ही शेती ओस का पडली? उत्तर शोधायला मला हिमालयात जावे लागले नाही. कोकणातल्या शाखांत मी उमेदीची वर्षे काढली. मुंबईहून आलेल्या ड्राफ्टवर चालणारी घरे रोज खिडकीशी उभी असत. गढवाल आणि कोकण, दोघांचाही संसार मनीऑर्डरीवर चालला. 2011च्या जनगणनेत पौडी आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आपल्याकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची भरली तशीच. हात गेले, तशी हातांवर चालणारी पिके गेली.

जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. नाचणीचे कौतुक पानावर बसून करणे सोपे आहे. वरकस जमिनीत राब भाजायचा, चिखलात वाकून रोपे लावायची, रानडुकरांपासून राखायची, कणसे खुडायची, झोडायची. आणि एवढे करून गावात मान भाताला आणि गव्हाच्या पोळीला! ज्या आईने हे सोसले, तिनेच मुलाला सांगितले, 'तू मुंबईला जा.' तिचे काय चुकले?

प्रश्न तुमचा-आमचा आहे. गढवालातल्या त्या घरी मंडुव्याच्या भाकरीचे जे पैसे सांगितले, ते आम्ही घासाघीस न करता दिले. सगळेच प्रवासी देतात, वर फोटो काढतात. तीच माणसे आपल्या गावच्या आठवडा बाजारात येतात तेव्हा काय होते? जमिनीवर फडके पसरून दोन पायल्या नाचणी घेऊन बसलेल्या आजीला 'एवढी महाग होय गं?' म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये मंचुरियन असते. कुळथाचे सार नसते. पाहुणे आले की पिठी झाकून ठेवायची आणि हॉटेलातून पनीर मागवायचे. चंब्याच्या बाईंनी पहिल्या दिवशी जे केले, तेच आम्ही बारा महिने करतो.

टिहरीच्या हेंवल खोऱ्यात चिपको आंदोलनातले विजय जडधारी आणि त्यांचे सोबती यांनी 1980च्या दशकात 'बीज बचाओ आंदोलन' उभे केले. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे सांभाळले, त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि त्याच वर्षी उत्तराखंडच्या मंडुवा, झंगोरा, गहत यांना भौगोलिक मानांकन मिळाले. हे सारे चांगलेच आहे. पण बियाणे मडक्यात ठेवून फार दिवस टिकत नाही. ते दरवर्षी पेरावे लागते, आणि पेरणाऱ्याला ते कुणीतरी विकत घेऊन खाणार, याची खात्री लागते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. हिमालयात जरूर जा, तिथल्या चुलीपाशी बसा, जे वाढतील ते चाखा. प्रवासाने जीभ धीट होते, हा मोठाच लाभ. तो परत आल्यावर घरी जमा करा. आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी होऊ द्या. मुलांना नुसती 'पौष्टिक आहे' म्हणून भरवू नका. लोण्याचा गोळा आणि लसणाची चटणी बरोबर द्या, म्हणजे ती मागून खातील. घरच्या कार्यात आचाऱ्याला एक पदार्थ आपल्या मातीतला सांगा. पाहुण्यापुढे पिठी ठेवताना संकोचू नका.

आणि बाजारातल्या त्या आजीने सांगितलेला भाव, चंब्यात दिलात तसाच, मुकाट्याने द्या.