एका वाक्यातला गोवा

‘१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकला’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी येते आणि आम्ही त्याला निमूटपणे गुण देतो. वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. मात्र वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासात हा अपुरेपणा महागात पडतो, असे आमचे मत आहे.

आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून घेतला तो मुख्यतः तिसवाडीचा टापू. बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आली १५४३ साली. फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल कायमचे त्यांच्या हाती गेले ते १७६३ ते १७८८ या काळात. मधे तब्बल दोनशेवीस वर्षे गेली. ‘जुन्या काबिजादी’ आणि ‘नव्या काबिजादी’ हे गोमंतकीय शब्द हेच अंतर जपून आहेत.

साम्राज्य पाण्यावरील तरंगासारखे चहूकडे सारखे पसरत नाही. याच सत्तेने १६४१ साली मलाक्का डचांच्या हाती गमावले, १७३९ साली चिमाजीअप्पांनी तिच्याकडून वसई घेतली. आणि उत्तरेचा प्रांत असा गेल्यावर गोव्यातला तिचा मुलूख वाढला.

आता वाङ्मयाकडे वळू. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते साष्टीत; म्हणजे देवळे पाडली गेलेल्या मुलखात, नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी, मराठी ओवीत. तोवर कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात आश्रयाला गेली होती, कारण तेथे पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. पुढे १७६३ साली ही सत्ता तेथेही पोहोचली, तेव्हा मात्र तिला धर्मपालनाचे अभय द्यावे लागले. एकाच राजवटीत एका तीरावर देवळांचे अवशेषही दुर्मीळ झाले, तर दुसऱ्या तीरावर देवळांतील कीर्तनाची आणि उत्सवी नाटकांची मराठी परंपरा नांदत राहिली. ‘पोर्तुगीज काळातील मराठी’ असे एकच प्रकरण लिहून हा भेद कसा कळावा?

हे काम इतिहासाच्या प्राध्यापकांचे, असे आमचे काही सहकारी म्हणतील. परंतु एखादी ओवी कोणाच्या राज्यात आणि राज्याच्या कोणत्या वयात रचली गेली हे ठाऊक नसेल, तर तिच्यातला धीटपणा आणि तिच्यातले भय दोन्ही वाचनातून निसटतात.

त्या वाक्याला यापुढेही आम्ही गुण देऊ. समासात मात्र एक प्रश्न लिहू : कोणता गोवा?